राखून ठेवलेला सूर

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सकाळी लवकर गेलं की उन्हाआधी वास भेटतो. वाळलेल्या भोपळ्याचा, तापलेल्या लाखेचा, रंध्याखालून नुकत्याच निघालेल्या लाकडाचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांतून आलेले थोराड भोपळे छताला टांगलेले असतात, गर आणि बिया काढून टाकलेले, आतून पोकळ, अजून कुणाच्याही षड्जाला जागा न दिलेले. खाली बसलेला कारागीर घोडीवरून गेलेल्या तारेखाली दोरा सरकवत असतो, केसभर अलीकडे, केसभर पलीकडे, पुन्हा अलीकडे, मान किंचित कललेली, सगळा जीव कानात आलेला. आणि मग एका जागी, जी मोजायला कुठलीच पट्टी नाही, ती तार आतून उजळते आणि एका स्वरातून कितीतरी स्वर पाझरू लागतात.

जवारी लागली.

त्या वेळी तिथे जो असेल त्याचाच तो आवाज. गल्लीच्या तोंडाशी येईस्तोवर रिक्षांच्या आवाजात तो विरून गेलेला असतो, आणि त्याबद्दल कारागिराला काही वाटत नाही. त्याच्या घराण्याचे पूर्वज शिकलगार होते, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर संस्थानांची हत्यारं थंडावली तेव्हा फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी हात तंबोऱ्याकडे वळवले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन वाद्याला मिळालं. त्यातून निघणाऱ्या आवाजाचं गाव कुठलं हे कोण ठरवणार?

इथून जवळच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात, अब्दुल करीम खाँ झोपले आहेत. जन्म उत्तरेतल्या किरानाचा, पण जीव मिरजेत रमला. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर त्यांनी देह ठेवला, आणि शेवटी आणलं ते इथेच. दरवर्षी उरुसात गवई येतात, चिंचेच्या झाडाखाली हजेरी लावतात, ऊद-लोभानाच्या धुरात कुणाचा तरी कोवळा गंधार थरथरतो. आणि हेच खाँसाहेब माझ्या खिशातही आहेत. अंगठा टेकवला की फोनच्या काचेतून तो बारीक, वेडावणारा, रडू आणि प्रार्थना यांच्या मधोमध थबकलेला आवाज येतो. झिंझोटी सुरू होते, तबकडीची खरखर पावसाच्या पहिल्या सरीगत तिच्यावर पडत राहते, आणि तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं आटोपतं. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क 60 वर्षांनी संपतो. म्हणजे हा आवाज आता सर्वांचा आहे. कुणाचीही परवानगी न घेता मी तो मध्यरात्री लावतो, भर दुपारी लावतो, मध्येच तोडतो. खाँसाहेब काही बोलत नाहीत.

मिरजेहून कोल्हापूर रेल्वेने कसंबसं तासा-सव्वा तासाचं. तिथे त्याच काळात दुसरे एक खाँसाहेब गात होते. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादिया खाँ. ज्यांच्या गळ्यातून जयपूर-अत्रौलीची ती वळणावळणाची, श्वास कुठे घेतला हे कळू न देणारी गायकी महाराष्ट्रात उतरली, ते 1946 पर्यंत आपल्यात होते. 1902 पासून हिंदुस्थानात तबकड्या निघत होत्या. गोऱ्या साहेबांचं यंत्र गावोगाव फिरत होतं, मोठमोठ्या गायिका त्याच्या कर्ण्यात तोंड घालून गात होत्या, शेवटी आपलं नाव सांगत होत्या. अल्लादिया खाँ त्या कर्ण्यासमोर बसले नाहीत. बाजारात त्यांची एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले, त्यांचीही नाही. आज फोनमध्ये ही नावं लिहिली तर शिष्य भेटतात, शिष्यांचे शिष्य भेटतात, आठवणी सांगणारे भेटतात. आवाज भेटत नाही.

आणि खरं सांगायचं तर, तो भेटत नाही म्हणूनच माझ्या मनात तो अधिक वाजतो.

का दिला नसेल त्यांनी आवाज? कारणं बरीच सांगितली जातात, आणि मला ती सगळीच थोडीथोडी खरी वाटतात. चीज चोरीला जाण्याची भीती तर होतीच. घराण्यांच्या बंदिशी म्हणजे घरातलं सोनं. मुलीच्या लग्नात हुंड्यात चीजा दिल्याच्या गोष्टी गवयांच्या घरांत आजही सांगतात. जो राग बापाने पोराला वीस वर्षं सेवा घेऊन दिला, तो तबकडीच्या दोन बाजूंवर बसवून अडीच-तीन रुपयांत कुणालाही द्यायचा? मग तीन मिनिटांचा जाच होता. विलंबित तीनतालाची दोन-चार आवर्तनं होतात न होतात तोवर तबकडी भरते. ज्या रागाला आधी नुसतं बसतं करायला अर्धा तास लागतो, त्याला दाराशी उभं करून परत पाठवायचं. पण मला सगळ्यात आतलं वाटतं ते कारण वेगळं आहे. गवई गाताना समोरचे चेहरे बघतो. कुणाची मान कुठे हलली, कुणाचा हात समेवर पडता पडता थांबला, मागे बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात कोणत्या स्वराला पाणी आलं, यावर पुढचा स्वर ठरतो. कर्ण्याला डोळे नसतात. त्याच्या पलीकडे कोण आहे, सकाळ आहे की रात्र, शोक आहे की जेवणावळ, काही कळत नाही. आपला मारवा कुणीतरी भल्या पहाटे लावील, आपली भैरवी आरंभालाच वाजवील, हे ज्याने रागाला वेळेचं दैवत मानलं त्याला सोसणार कसं?

माझी आजी माणदेशातली. माळरानं, मेंढरं, बाभळीच्या सावल्या, दहा महिने पावसाची वाट बघणारं आभाळ. पहाटे जात्यावर बसली की तिच्या ओव्या सुरू व्हायच्या, विठ्ठलाच्या, भावाच्या, सासरी गेलेल्या लेकींच्या. मी कुशी वळून ऐकत पडायचो. पिठाचा गार वास, खुंट्याची करकर आणि त्या दोन्हींतून वर येणारा तिचा खरबरीत आवाज. एकदा दुपारी ती निवांत बसलेली पाहून मी म्हटलं, म्हण की एखादी ओवी. ती हसली. म्हणाली, "जात्याबिगर ओवी कशी येईल रं बाबा?" मी हट्ट धरला, ती खरंच आठवू लागली, आणि तिला एकही आठवेना. तिचा नकार नव्हता तो. हात फिरल्याशिवाय, दाणे भरडल्याशिवाय त्या गाण्याला तोंडात यायचा रस्ताच नव्हता. दरबारच्या उस्तादाने मानाने जे केलं ते माणदेशातल्या बाईकडून आपसूक झालं. दोघांनाही ठाऊक होतं की गाणं हवेत एकटं राहात नाही, त्याला त्याचं जातं लागतं.

पण मग गदगमधला तो मुलगा आठवतो आणि माझी बाजू डळमळते.

अकरा वर्षांचं पोर. कानावर पडली एक तबकडी, तीच झिंझोटी, हेच अब्दुल करीम खाँ. 1933 साली ते पोर घर सोडून निघालं, बिनतिकिटाचं, गुरूच्या शोधात, ग्वाल्हेर, जालंधर, कुठे कुठे भटकत. आणि शेवटी घराजवळच, कुंदगोळला, खाँसाहेबांचेच शिष्य असलेल्या सवाई गंधर्वांच्या दारात पोचलं. भीमसेन जोशी. खाँसाहेबांनीही हट्टाने तो कर्णा नाकारला असता तर? गदगच्या त्या पोराला कुणी हाक मारली असती? कितीदा तरी मी हा विचार केला आहे आणि प्रत्येक वेळी त्या खरखरत्या तीन मिनिटांपुढे हात जोडले आहेत. मात्र एक गोष्ट विसरता येत नाही. भीमसेन तबकडीपाशी थांबले नाहीत. तबकडीने त्यांना घराबाहेर काढलं. गाणं मिळालं ते गुरूच्या घरी पाणी भरून, वर्षानुवर्षं एकेक स्वर घासून, समोर बसलेल्या माणसाकडून.

मिरजेला हे देणं-राखणं जुनं आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी या मातीत आणली ती केवढ्या हालांनी! धारला देवजीबुवांकडे राहिले, तिथे विद्येपेक्षा घरातला जाच जास्त. पुढे वासुदेवबुवा जोशींच्या पायाशी बसले तेव्हा कुठे ओंजळ भरली. त्यांच्याकडे मिरजेत शिकला एक मुलगा, फटाक्याने डोळे अधू झालेला, डॉक्टर भडभड्यांच्या सल्ल्याने गाण्याकडे वळलेला. 1896 मध्ये तो मिरज सोडून निघाला, औंध-सातारा करीत उत्तरेकडे गेला, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरात त्याने गांधर्व महाविद्यालय उघडलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी बंदिशी स्वरलिपीत मांडल्या, छापल्या, वर्गात बसवून शिकवल्या. एकाच गावच्या मातीत दोन वृत्ती: ओंजळ मिटून धरणारी, ओंजळ उघडणारी. मला दोन्हींविषयी माया आहे.

हा तिढा आपल्यापुरता नाही. गाणी इंटरनेटवरून रीतसर विकत मिळू लागली तेव्हा बीटल्सची गाणी ॲपलच्या दुकानात यायला नोव्हेंबर 2010 उजाडला. एसी/डीसीवाले त्यानंतरही दोन वर्षं अडून बसले होते, कारण त्यांचा अल्बम त्यांना अखंड ऐकवायचा होता, एकेक गाणं सुटं करून विकायचं नव्हतं. 2014 मध्ये टेलर स्विफ्टने आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली, मोबदल्यासाठी. ती कारणं निराळी, ती माणसं निराळी. तरी अखंड ऐकवण्याचा तो हट्ट मला थेट कोल्हापूरचा वाटतो.

केसरबाई केरकरांचं काय म्हणावं! गोव्यातल्या केरीची ही मुलगी लहानपणी कोल्हापूरला काही महिने अब्दुल करीम खाँकडेच शिकली, म्हणजे उघड्या ओंजळीपाशी. आणि 1921 पासून पुढे अल्लादिया खाँची तालीम, म्हणजे मिटल्या मुठीपाशी. मोजक्या तबकड्या तिने दिल्या. पुढे यंत्राशी तिचं फारसं जमलं नाही. ज्यांना हवं त्यांनी समोर येऊन, सरळ बसून, नीट ऐकावं. आणि नियतीचा खेळ असा की तिचीच एक भैरवी, साडेतीन मिनिटांची, व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर कोरली गेली. त्या दोहोंतलं मागून सुटलेलं यान 5 सप्टेंबर 1977 ला निघालं. 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आज ती भैरवी ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे, जिथे सकाळ नाही, मैफल नाही, दाद नाही, कुणाचीही मान हलत नाही. रात्री गच्चीवर उभं राहिलं आणि कृष्णेवरून वारा आला की मला तो कोमल ऋषभ आठवतो, इतक्या अंधारात एकटा.

अन्नपूर्णादेवींच्या बाबतीत मात्र माझा हात आखडतो. 1950 च्या दशकात त्यांनी जाहीर वादन सोडलं आणि 2018 मध्ये जाईपर्यंत मुंबईतल्या एका बंद दारामागे त्या सूरबहारशी राहिल्या. त्यांनी रीतसर ध्वनिमुद्रिका दिली नाही. शिष्य दिले: निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर. तरी जुन्या मैफलींचे काही तुकडे इंटरनेटवर फिरत असतात, कुणीतरी केव्हातरी टिपलेले. त्यातला मांझ खमाज सुरू झाला की अंगावर काटा येतो, एवढा तो गहिरा आहे. मी तो पुरा ऐकत नाही. जे त्या बाईने दिलं नाही ते मी घेतो आहे, ही टोचणी प्रत्येक मींडेबरोबर वाढत जाते, आणि मग मी थांबवतो.

कायद्याने ही टोचणी ओळखली आहे, उशिरा का होईना. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आला. त्याच्या संमतीवाचून त्याचं गाणं-वाजवणं मुद्रित करायचं नाही. 2012 च्या दुरुस्तीने मानधनाचा वाटा आणि आपल्या सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचा हक्कही दिला. कागदावर हे छान आहे. पण नको म्हणण्याचा हक्क फक्त कागदावर राहून भागत नाही, तो ऐकणाऱ्याच्या मनातही असावा लागतो.

औंधला हे मला नीट उमगलं. सातारा आणि सांगलीत गावं विखुरलेलं एवढंसं संस्थान. वर डोंगरावर यमाई, खाली राजांनी हौसेने उभारलेलं संग्रहालय, आणि दरबारात अंतूबुवा जोशी, म्हणजे बाळकृष्णबुवांचे शिष्य अनंत मनोहर जोशी. त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ 1940 साली संगीताचा उत्सव सुरू केला, मुलगा गजाननराव जोशी यांनी तो जिवापाड जपला, आणि तो आजही भरतो. पावसाळा संपून माळावरचं गवत पिवळं पडू लागलेलं, रात्री गारठा, सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेली खेडोपाडची माणसं, शेजारी पुण्या-मुंबईहून आलेली. एका वर्षी उत्तररात्री एक बुजुर्ग गायिका बसल्या. तंबोरे लागले, मिरजेचेच असणार. तो उजेड माझ्या ओळखीचा होता. त्यांनी हात जोडून एवढंच म्हटलं, "मोबाईल ठेवून द्या. आजचं गाणं इथल्यासाठी आहे." हळूहळू सगळे छोटे पडदे मिटले. पुढे तासभर जे झालं ते सांगण्याजोगं माझ्याजवळ फार थोडं आहे. बागेश्री होता. एके ठिकाणी मध्यमावरून धैवताकडे जाताना त्या वाटेत थांबल्या, इतका वेळ की माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने श्वास धरला, त्याचं धरणं मला ऐकू आलं, आणि मग तो धैवत आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून सोडलेला तो श्वास.

संपलं. कुठेही उरलं नाही.

पण ते उरलं नाही असं कसं म्हणू? तो धैवत माझ्यात वाढतो आहे. दरवर्षी थोडा खोल जातो, थोडा बदलतो, आईच्या आजारपणात एका रात्री तो अगदी निराळ्या रंगात आला होता. फोनमधली झिंझोटी तशीच आहे, शंभर वेळा ऐकली तरी तशीच, आणि मला तीही हवी आहे. औंधचा बागेश्री माझ्याबरोबर म्हातारा होतो आहे.

म्हणून आता कुणी म्हणतं की अमक्या गवयाने आपलं गाणं ॲपवर द्यायला नकार दिला, जुन्या वळणाचा माणूस, काळाबरोबर चालत नाही, तेव्हा मला वाईट वाटतं. तो कशाला नाही म्हणतो आहे हे आपण बघतो, कशाला हो म्हणतो आहे हे कुणी बघत नाही. अल्लादिया खाँनी कर्ण्याला नाही म्हटलं आणि केसरबाईंना, मोगूबाई कुर्डीकरांना, पोटच्या मंजी खाँ-भुर्जी खाँना वर्षानुवर्षं रोज हो म्हटलं. त्या मुलांकडून ते मल्लिकार्जुन मन्सूरांना मिळालं, ज्यांचा पाया मिरजेच्या नीलकंठबुवांनी घातला होता. आज मन्सूरांचा आवाज फोनवर हवा तेव्हा मिळतो. म्हाताऱ्या खाँसाहेबांचं गाणं अखेर तिथे पोचलंच, पण एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यातून शिरून पोचलं. माझं मागणं गवयांकडे एवढंच आहे. ॲपला नाही म्हणा, कंपनीला म्हणा, हवं तर अवघ्या जगाला म्हणा. शिकायला आलेल्या एका पोराला मात्र म्हणू नका. तिथेही मूठ मिटली तर गाणं खरोखर मरतं, आणि असं मेलेलं बरंच काही या मातीत आहे.

आणि ऐकणाऱ्यांकडे मागणं त्याहून लहान. पुढच्या वेळी औंधला, मिरजेच्या उरुसात, सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही बैठकीत गायक म्हणाला की हे मुद्रित करू नका, तर करू नका. कुणी केलेलं पाठवलं तर पुढे पाठवू नका. जमल्यास रात्रभर बसा.